बेंगळूर: यशवंतपूरहून जयनगरला कसं जायचं?

खानापूरकर: मंडळी, येत्या रविवारी आईला घेऊन बहिणीकडे जातोय, जयनगरला. बस पहाटेच यशवंतपूरला सोडते. मागच्या वेळी रिक्षावाल्यानं सरळ सहाशे सांगितले, मी कन्नडात अडखळलो तसं त्यानं ओळखलंच, पाहुणा आहे म्हणून. काय करू?

टिळकवाडीवाला: मेट्रोनं जावा की ओ! ग्रीन लाईन यशवंतपूरहून सरळ जयनगरला जाते, मध्ये मॅजेस्टिक स्टेशनात गाडी बदलायची भानगड नाही. पण रविवारी मेट्रो सातला सुरू होते, तोवर चहा मारत बसा. आणि पहाटे पाचच्या आत रिक्षा केली तर मीटरच्या दीडपट पडतात, तो नियमच आहे, भांडू नका.

चंदगडची: काकूंचं आधार कर्नाटकाचं असेल तर बीएमटीसीच्या (बेंगळूरची सिटी बस) साध्या बसमध्ये फुकट, 2023 पासून बायकांसाठी शक्ती योजना आहे ना, एसीला नाही मात्र. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो ते फेकू नका, चेकरला दाखवावं लागतं. माझं आधार महाराष्ट्राचं, म्हणून शेजारची बाई फुकट आणि मी सुट्टे शोधतेय 😅 बेळगावात मात्र दोघी एकाच बाजारात भाजी घेतो.

खानापूरकर: आधार खानापूरचंच, म्हणजे कर्नाटकाचं. पण आईचे गुडघे, मेट्रोला जिने किती?

टिळकवाडीवाला: लिफ्ट आहे की. उतरल्यावर घरापर्यंत नम्म यात्री ॲपवर रिक्षा बघा, भाडं आधी दिसतं. रस्त्यावरची केली तर बसायच्या आधी 'मीटर हाकी' (मीटर टाका) म्हणा, बसल्यावर नव्हे.