शब्दचर्चा : पैसा, गोम आणि 'नव्या प्रजातीचा शोध'

धारणीहून
शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मुलं एक बातमी मराठीत लिहीत आहेत. परदेशातल्या एका कोरड्या डोंगरी जंगलात मिलिपीडची, म्हणजे सहस्रपाद या पुष्कळ पायांच्या प्राण्याची, आजवर नोंद नसलेली जात मिळाली, असा विषय. मुलांनी मथळा केला : 'डोंगरात गोमेच्या नव्या प्रजातीचा शोध लावला'. मला यातला जवळजवळ प्रत्येक शब्द खटकतोय. गोम म्हणावं का? प्रजाती की जात? आणि 'शोध लावला' हे कितपत खरं? मेळघाटातल्या पोरांना हा प्राणी दाखवावा लागत नाही, पाऊस सुरू झाला की तो वर्गातच फिरत असतो. अडतंय ते शब्दांपाशी.

परतवाड्याहून
सर, गोम तर अजिबात नको. गोमेच्या शरीराच्या एका खंडाला पायांची एकच जोडी, अंग चपटं, चाल तुरुतुरु. ती शिकार करते आणि चावते. घोण म्हणजे तिचीच थोरली बहीण. मिलिपीड पालापाचोळा खातो, सावकाश चालतो, चावत नाही. बातमीत गोम लिहिलं की वाचणारा आधी लेकरं उचलून खाटेवर ठेवेल. 'गोमेचा एक पाय मोडला तरी ती लंगडी होत नाही' या म्हणीमुळे आपण पुष्कळ पायांचं जे दिसेल त्याला गोम म्हणून मोकळे होतो, तेवढंच.
'कीटक'ही टाळा. कीटकाला सहा पाय. 'किडा' चालेल, तो बोलीतला सैल शब्द आहे.

चिखलदऱ्याहून
आमी तं त्याले पैसाच म्हनतो बाप्पा. हात लावला का गोल होते, म्हनून पैसा. पावसायात पाचोयाखाली पाहा, कितीतरी भेटते. लेकराईले हेच नाव लिहू द्या नं, सहस्रपाद वाचून कोनाले काय समजन?

धारणीहून
काकाजी, पैसा मलाही आवडतं. पण मथळ्यात 'डोंगरात नवा पैसा सापडला' लिहिलं तर गावातली माणसं फावडी घेऊन निघतील. आणि लांबट, सुतळीसारखा बारीक मिलिपीड असला तर त्यालाही पैसा म्हणायचं का?

परतवाड्याहून
'पैसा किडा' लिहा, मग फावडी निघणार नाहीत. कोकणाकडे 'वाणी', 'वाणू' म्हणतात, पण आपल्याकडे ते दुकानदारावर जाईल.
'सहस्रपाद'बद्दल एक गंमत. हजार पाय असलेला मिलिपीड बराच काळ कुणाला माहीतच नव्हता. कॅलिफोर्नियातल्या एका जातीचे ७५० पाय हा आकडा सगळ्यांत मोठा धरला जाई. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियात खनिजासाठी पाडलेल्या बोअरमध्ये, ६० मीटर खोलीवर, १३०६ पायांचा प्राणी मिळाला. २०२१ मध्ये त्याला नाव दिलं यूमिलिपीस पर्सेफोनी. 'यूमिलिपीस' म्हणजे खराखुरा सहस्रपाद आणि पर्सेफोनी ही ग्रीकांची पाताळाची राणी.

आता 'खंड'. मुलं 'प्रत्येक खंडाला चार पाय' लिहितील, तिथे जरा थांबवा. मिलिपीडचं जे एक कडं बाहेरून दिसतं ते दोन खंड जुळून झालेलं असतं, म्हणूनच एका कड्याला दोन जोड्या. तरी सगळ्या कड्यांना नाही. डोक्यामागच्या पहिल्या कड्याला पायच नसतात, पुढच्या तिघांना एकेक जोडी, तिथून पुढे दोन-दोन. तेव्हा दिसतं ते 'कडं', मूळ घटक तो 'खंड', असे दोन शब्द वेगळे ठेवा. वर्णन वाचताना याचा उपयोग होतो, कारण बहुतेक मिलिपीडांत नराच्या सातव्या कड्यावरचे पाय चालण्याचे राहत नाहीत, समागमासाठी त्यांचा आकार बदललेला असतो. रंग, लांबी सारखी असलेल्या दोन जाती बऱ्याचदा या अवयवाच्या आकारावरूनच वेगळ्या ओळखतात. नुसती मादी हाती आली तर जाणकारही अडतो.

चिखलदऱ्याहून
कड्यापेक्षा 'पेर' म्हना नं. बांबूले पेर, बोटाले पेर.

परतवाड्याहून
पेर झकास आहे, पण बांबूच्या पेरात पोकळी असते आणि इथे सगळा ऐवज भरलेला! तरी मुलांच्या मजकुरात पेर आलं तर मी लाल रेघ मारणार नाही.

यवतमाळहून
'प्रजाती'वर लिहितो. वर्तमानपत्रांत आज प्रजाती म्हणजे स्पीशीज. मराठी विश्वकोशाच्या वनस्पतींवरच्या जुन्या नोंदींत मात्र 'प्रजाती' म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट, आणि 'जाती' म्हणजे स्पीशीज. म्हणजे त्या हिशोबाने मुलांनी एक पायरी वरचा शोध लावून टाकला. मी 'जाती' वापरतो. माणसांच्या जातीची आठवण होते म्हणून काही जण बिचकतात, ते समजू शकतो, पण त्यासाठी शब्दाचा अर्थच सरकवणं मला पटत नाही.

'शोध लावला' हा खरा घोटाळा. प्राणी तिथे होताच, गुराख्यांनी आणि लाकूड आणणाऱ्या बायांनी तो पाहिलाही असेल. नवं काय घडलं? कुणीतरी त्याचं रीतसर वर्णन छापलं, नाव दिलं, आणि ते नाव ज्याला बांधलेलं राहील असा एक नमुना संग्रहालयात ठेवला. २००० पासून असा नमुना वर्णनातच स्पष्ट नेमून द्यावा लागतो, नाहीतर नव्या जातीचं नाव ग्राह्य धरत नाहीत. म्हणून 'वर्णन' हा शब्द इथे निबंधातल्या 'माझ्या गावाचे वर्णन' इतका साधा नाही, तो जन्मदाखला आहे.
आपला रानपिंगळा, ते छोटं घुबड, घ्या. वर्णन १८७३ चं. पुढे तो नामशेष झाला असं धरून चालले होते. १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि नंतर मेळघाटातही. तिथे 'पुन्हा सापडला' हेच बरोबर, कारण नाव आधीच होतं. पैसा किड्याच्या बातमीत उलटं आहे, किडा जुना आणि नाव नवं.

धारणीहून
मग असं करतो : 'कोरड्या डोंगरी जंगलातल्या पैसा किड्याच्या नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध'. 'शुष्क पर्वतीय वन' मुद्दामच घेतलं नाही, सरकारी पाटीसारखं वाटतं. 'पानझडी' घालू का?

यवतमाळहून
मूळ बातमीत झाडं पानं गाळतात असं म्हटलं असेल तरच घाला. मेळघाट कोरडा पानझडी आहे म्हणून जगातलं प्रत्येक कोरडं जंगल सागाचं होत नाही. काटेरी झुडपांचं असेल, निवडुंगाचंही असेल. आणि 'बरड' नको. आपल्याकडे बरड म्हटलं की मुरमाड, उजाड जमीनच डोळ्यांपुढे येते. या किड्याला तर पाचोळा लागतो.

चिखलदऱ्याहून
मथया बरा झाला सर. फक्त खाली लिहून ठेवा का हात लावला तं वास येते, डोये चोयू नका म्हना.

परतवाड्याहून
हे जरूर लिहा. तो वास बचावाचा असतो. काही मिलिपीड अंगातून सायनाइडचा वायू सोडतात, काहींच्या स्रावाने कातडीवर तपकिरी डाग पडतो. पण 'विषारी दंश' असं कुणी लिहिलं तर तेवढं खोडा.