प्रतिसाद: फॉक्सपी३ वाढलं म्हणजे सहनशीलता वाढली?

वरच्या प्रतिसादात म्हटलंय की रक्तपेशींत फॉक्सपी३ जनुकाची अभिव्यक्ती (जनुक किती काम करतंय ते) वाढलेली दिसली, म्हणजे रोगप्रतिकारक सहनशीलता (शरीराने स्वतःच्याच पेशींवर हल्ला न करणं) वाढली. हे जनुक नियामक टी-पेशींची, म्हणजे रोगप्रतिकार आवरून धरणाऱ्या पांढऱ्या पेशींची, खूण मानलं जातं. उंदरांत हा तर्क बऱ्याच अंशी चालतो, माणसांत मात्र इथेच फसगत होते. माणसाच्या साध्या टी-पेशीही उत्तेजित झाल्या की काही काळ फॉक्सपी३ बनवतात, आणि तेवढ्याने त्या नियामक होत नाहीत. म्हणजे नुसता जंतुसंसर्ग झाला तरी आकडा वर जाऊ शकतो! शिवाय नियामक पेशी सीडी४ पेशींच्या (टी-पेशींचा एक मोठा गट) साधारण ५ ते १० टक्केच असतात. सगळ्या पांढऱ्या पेशींचा आरएनए (चालू जनुकाची पेशीत बनणारी प्रत) एकत्र मोजला, तर अभिव्यक्ती बदलली की पेशींचं प्रमाण, हेच कळत नाही.

म्हणून पृष्ठभागावर सीडी२५ हे प्रथिन जास्त आणि सीडी१२७ हे प्रथिन कमी असलेल्या, म्हणजे बहुतांशी नियामक, पेशी आधी वेगळ्या कराव्यात. त्याहून भरवशाची खूण डीएनएवर असते: स्थिर नियामक पेशींत या जनुकाच्या एका ठरावीक भागावरचे मिथाइल गट (डीएनएवर चिकटलेले छोटे रासायनिक गट) निघालेले असतात. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, स्त्रियांत एक एक्स निष्क्रिय असतो आणि त्याच्यावरचे मिथाइल गट तसेच राहतात. त्यामुळे त्यांच्या नमुन्यांत मिथाइल गट निघालेल्या डीएनएचं प्रमाण निम्मंच दिसतं आणि दुपटीने धरावं लागतं. स्त्री-पुरुषांचे नमुने एकत्र करताना हे विसरू नका, कृपया.