मदत हवी: फोटोचं पेन्सिल स्केच करताना सगळं पांढरं होतंय (तातडीचं)

मिरजेची_मधू (गुरुवार, रात्री ११:१२)
एका जुन्या फोटोचं पेन्सिल स्केच करायचं आहे. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे सगळं केलं, दोनदा केलं, तीनदा केलं. शेवटी कोरा पांढरा कागद दिसतो. अगदी नीट बघितलं तर कुठेतरी एखादी फिकट रेघ. रविवारी कार्यक्रम आहे आणि शनिवारी दुपारपर्यंत प्रिंट द्यायची आहे. काय चुकतंय ते कृपया लवकर सांगा.

निळी_शाई (रात्री ११:२०)
कोणतं सॉफ्टवेअर? कोणता व्हिडिओ? फोटो रंगीत की कृष्णधवल, किती पिक्सेलचा? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगायचं कशावरून?

अनुपडी (रात्री ११:२६)
एवढा खटाटोप कशाला? कुठल्याही एआयला फोटो द्या आणि ‘पेन्सिल स्केच कर’ म्हणा, अर्ध्या मिनिटात होतं. मी घरातल्या सगळ्यांचे केलेत, सगळ्यांना आवडले.

रेघोट्या (रात्री ११:४१)
फोटोशॉपमध्ये असं करा. कंट्रोल-शिफ्ट-यू म्हणजे रंग जातील. कंट्रोल-जे म्हणजे थराची (लेयरची) प्रत. त्या प्रतीवर कंट्रोल-आय (इन्व्हर्ट), म्हणजे ती उलटी होईल, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. ब्लेंड मोड, म्हणजे वरचा थर खालच्यात मिसळायची रीत, कलर डॉज. इथे सगळं पांढरं होतं आणि ते बरोबरच आहे, घाबरू नका. मग फिल्टरमधून गॉशियन ब्लर (चित्र धूसर करणं), त्रिज्या हळूहळू वाढवत न्या, रेघा उमटत जातील. तुम्ही शेवटची पायरी गाळली असणार.

मिरजेची_मधू (रात्री ११:४८)
फोटोशॉप नाहीये माझ्याकडे. गिंप आहे, ते फुकट मिळणारं चित्रांचं सॉफ्टवेअर, आवृत्ती २.१०. ते लिहायचं राहिलं. ब्लर केलंय, २० ठेवलं होतं. तरी पांढरंच. फोटो कृष्णधवल, १९६६चा, मामाने व्हॉट्सअॅपवर पाठवलाय.

निळी_शाई (रात्री ११:५५)
व्हॉट्सअॅप! इथेच निम्मं काम बिघडलं. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि वर जेपेगचं दाबणं. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून दाबतं. एरवी ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण स्केचच्या या पद्धतीत प्रत्येक कड वर येते, तशा त्या चौकोनांच्या कडाही येतात. गालावर जाळी दिसेल. प्रिंट केवढी काढणार आहात?

मिरजेची_मधू (रात्री ११:५८)
१२ × १८.

निळी_शाई (शुक्रवार, रात्री १२:०६)
मग हिशोब करा. १६०० भागिले १८ इंच, म्हणजे इंचाला ८९ पिक्सेल. नाही चालणार. मूळ फोटो केवढा आहे? चार बाय सहा असेल तर मामांना ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, स्कॅन करायला सांगा. २४०० × ३६०० येईल, म्हणजे प्रिंटला इंचाला २०० पिक्सेल. स्केचला तेवढे पुरतात. आणि व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, तसं पाठवलं की फाईल जशीच्या तशी येते.

अनुपडी (रात्री १२:११)
हे सगळं ती करत बसणार, तोवर रविवार उजाडेल. एआय फोटो मोठाही करून देतं, पिक्सेलचा प्रश्नच उरत नाही.

काळा_पडदा (शुक्रवार, सकाळी ६:१५)
मी कोल्हापूरकडे स्टुडिओत तीस वर्षं काम केलं, त्यातली वीस डार्करूममध्ये. संगणकातलं मला फारसं कळत नाही, पण रेघोट्या यांनी लिहिलेल्या पायऱ्या वाचल्या आणि राहवलं नाही. ही जी ‘उलटी प्रत’ म्हणता, ती आमची निगेटिव्ह. ‘डॉज’ हा शब्दही डार्करूमचाच. एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्राखाली, कागदावर प्रकाश पडत असताना तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती मध्ये धरून हलवत राहायचं, तेवढा भाग कागदावर उजळ यायचा. चेहरा सावलीत असला की आम्ही तेच करायचो.

आणि फोटोवरून रेखाचित्र करायची रीतही तेव्हा होती, टोन-लाइन म्हणायचे. निगेटिव्ह घ्यायची, तिच्यावरून तेवढ्याच घनतेची पॉझिटिव्ह फिल्म करायची आणि दोन्ही पाठीला पाठ लावून तंतोतंत जुळवायच्या. समोरून पाहिलं तर सगळं सारखंच काळं, प्रकाश आरपार येतच नाही. मग खाली लिथ फिल्म (नुसतं काळं-पांढरं उमटवणारी, मधल्या छटा न देणारी) ठेवून वरून तिरका दिवा द्यायचा आणि चौकट गोल फिरवायची. दोन फिल्मच्या जाडीमुळे फक्त कडांच्या फटीतून प्रकाश शिरतो, आणि तेवढ्याच रेघा उमटतात. तुमचं ब्लर म्हणजे ती फट.

मधूताई, फट असूनही रेघा येत नसतील तर तुमची निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह यांची घनता जुळत नाहीये. आमच्याकडे तरी तेच कारण असायचं.

रेघोट्या (सकाळी ८:०२)
काका, फार सुंदर माहिती! पण मधू यांचा प्रश्न गिंपचा आहे. माझ्या मते त्यांनी ब्लर चुकीच्या थरावर दिलाय. वरचा थर निवडलाय का ते बघा.

कुंकवाचा_करंडा (सकाळी ८:३०)
मी संस्कार भारतीच्या रांगोळीत व्यक्तिचित्रं काढते. फोटोवर चौकोनांची जाळी टाकायची आणि तेवढेच चौकोन जमिनीवर खडूने आखायचे. एकेक चौकोन बघत भरत गेलं की चेहरा हमखास जमतो. आधी गडद छटा भराव्यात, डोळे सर्वांत शेवटी. करड्या रंगाच्या निदान पाच छटा मिसळून ठेवाव्यात.

मिरजेची_मधू (सकाळी ८:५०)
रांगोळी नकोय हो, प्रिंट हवी आहे. थर वरचाच निवडला होता, आत्ता परत पाहिलं. मामा आज स्कॅन करून पाठवतोय.

अनुप, रात्री एआयलाही देऊन पाहिलं. चित्र सुरेख आलं, पण ती आजी नाही. आजी कपाळावर आडवी चिरी लावायची, त्याने गोल टिकली केली. नथ दुसऱ्या नाकपुडीत गेली. हनुवटी निमुळती झाली. आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे आणि आजीला जाऊन चार वर्षं झाली. त्यांना दुसऱ्या कोणाचं तरी चित्र कसं देऊ?

अनुपडी (सकाळी ९:१०)
हे आधी सांगितलं असतं तर मी तसा सल्लाच दिला नसता. तरी प्रामाणिकपणे सांगतो, ‘चेहरा बदलू नको, आडवी चिरी ठेव’ असं स्पष्ट लिहिलं की सुधारतं. सात-आठ वेळा करावं लागतं.

निळी_शाई (सकाळी ९:१८)
सुधारतं म्हणजे अधिक पटण्यासारखं दिसतं. पण ते चित्र नव्याने तयार करतं, आणि मूळ फोटोत जे स्पष्ट नाही ते अंदाजाने भरतं. डॉज पद्धतीत फक्त भागाकार आहे. फोटोत नसलेली एकही रेघ त्यात येऊ शकत नाही. माणसाच्या आठवणीसाठी चित्र करायचं असेल तर हा फरक लहान नाही.

अनुपडी (सकाळी ९:२५)
मान्य, पण फोटो फाटलेला असेल, चेहऱ्यावर बुरशीचा डाग असेल तर तुमचा भागाकार तो डागही इमानाने रेखाटणार. तिथे काय करणार?

निळी_शाई (सकाळी ९:३१)
आधी हील टूलने, म्हणजे आजूबाजूची छटा घेऊन डाग बुजवणाऱ्या अवजाराने, डाग काढणार. हाताने, एकेक.

उंबरठा (सकाळी १०:०५)
ताई, गिंपच्या ‘कलर्स’ मेनूत इन्व्हर्टच्या एकाहून जास्त ओळी शेजारी शेजारी आहेत. एक ‘इन्व्हर्ट’, दुसरी ‘लिनियर इन्व्हर्ट’. तुम्ही कोणती दाबली?

मिरजेची_मधू (सकाळी १०:२०)
लिनियर! व्हिडिओत एकच दिसत होती, माझ्याकडे जास्त दिसल्या. लिनियर म्हणजे साधी असेल असं वाटलं.

उंबरठा (सकाळी १०:३४)
मग सापडलं. काळा पडदा काकांनी सकाळीच सांगितलं होतं, घनता जुळत नाहीये.

काळा म्हणजे ०, पांढरा म्हणजे २५५. मधला करडा रंग घ्या, १२८. साध्या इन्व्हर्टने तो १२७ होतो, म्हणजे अगदी जोडीदार. लिनियर इन्व्हर्ट प्रकाशाच्या प्रत्यक्ष प्रमाणावर हिशोब करतं, त्यात तोच १२८ साधारण २२९ वर जातो. डॉज खालच्या थराला, वरचा थर पांढऱ्यापासून जितका दूर आहे त्या अंतराने भागतो. वरचा थर असा उजळ झाला की ते अंतर अगदी थोडं उरतं, भागाकार फुगतो आणि सगळं पांढऱ्याच्या पलीकडे जातं. ब्लरने कडांवर जो फरक पडायला हवा तोही त्यात बुडतो. म्हणून त्रिज्या कितीही वाढवली तरी तुमच्या रेघा येत नव्हत्या.

साधं ‘इन्व्हर्ट’ दाबा, बाकी सगळं तसंच ठेवा.

मिरजेची_मधू (सकाळी १०:४१)
आलं!!! रेघा आल्या! नथसुद्धा दिसतेय. उंबरठा, काका, तुमचे दोघांचे फार फार आभार.

मिरजेची_मधू (दुपारी ३:१५)
मामाचा स्कॅन आला, २४०० × ३६००. त्यावर केलं. आता नवीन अडचण. आजीचे केस पांढरे झालेत. फोटोत ती वीस वर्षांची आहे, काळाभोर अंबाडा आहे. स्केचमध्ये नुसती अंबाड्याची कड येते, आत कोरं. आजोबांचा काळा कोटही तसाच पोकळ. शिवाय मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा आहे, त्यावरचे खांब आणि वेली चेहऱ्यांपेक्षा ठळक आल्यात.

रेघोट्या (दुपारी ३:४०)
त्रिज्या वाढवा, ४०-५० करा.

उंबरठा (दुपारी ३:५८)
नुसती त्रिज्या वाढवून कोट भरणार नाही, आणि चेहऱ्यावर मळकट छटा येईल. या पद्धतीत ब्लरच्या त्रिज्येपेक्षा लहान गडद जागा भरीव येते, मोठी जागा आतून पांढरी पडते. बुबुळं भरली असतील, अंबाडा भरणार नाही, कोट तर नाहीच. चित्रकार केसांच्या जागी पेन्सिल आडवी घासून छटा देतो, ते काम इथे आपल्याला वेगळं करावं लागतं.

मूळ कृष्णधवल थराची आणखी एक प्रत करून सगळ्यांत वर न्या. तिचा मोड मल्टिप्लाय (खालचं चित्र गडद करणारा), अपारदर्शकता ४०च्या आसपास. मग लेयर मेनूतून मास्क जोडा, काळा. मास्क म्हणजे थरावरचं झाकण, काळ्या जागी थर लपतो, पांढऱ्या जागी दिसतो. ती प्रत दिसेनाशी होईल. आता मोठा मऊ ब्रश घ्या, रंग पांढरा, आणि मास्कवर फक्त केस, भुवया, कोट आणि लुगड्याच्या काठाच्या घड्या एवढंच रंगवा. तेवढ्यापुरत्या मूळ छटा परत येतील. ब्रशचा हात केसांच्या वळणाने फिरवा. सपाट भरलंत तर फोटो चिकटवल्यासारखं दिसेल.

पडद्यासाठी सगळ्यांत वर एक पांढरा थर ठेवा, त्यालाही काळा मास्क, आणि पडद्याच्या जागी पांढऱ्या ब्रशने रंगवा. डोक्याभोवती थोडी जागा सोडा, कड कापल्यासारखी दिसू नये.

टोरांटोहून_सई (संध्याकाळी ६:२०)
याच धाग्यात विचारते. माझ्या आईच्या जुन्या फोटोच्या कागदाला मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक नक्षी आहे. स्केच केलं की चेहऱ्यावर ती नक्षीच उमटते. काय करू?

काळा_पडदा (संध्याकाळी ७:००)
तो सिल्क फिनिशचा कागद. बोटांचे ठसे दिसू नयेत म्हणून लोक मागायचे. स्कॅनरचा दिवा एका बाजूने येतो, म्हणून प्रत्येक खळग्याची सावली पडते. फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा ठेवून स्कॅन करा, आणि दोन्ही स्कॅन संगणकावर सरळ करून एकमेकांवर बसवा. सावल्या विरुद्ध बाजूंना पडलेल्या असतात, बऱ्याचशा एकमेकींना खोडतात. आमच्याकडे असा फोटो कॉपी करायचा तर दोन्ही बाजूंनी सारखे दिवे लावायचो, तोच विचार.

निळी_शाई (संध्याकाळी ७:२२)
मधू, प्रिंटचं आत्ताच सांगून ठेवतो. पडद्यावर छान दिसणाऱ्या फिकट रेघा कागदावर उडून जातात. लेव्हल्समधला (गडद-उजळपणा जुळवायची खिडकी) मधला त्रिकोण थोडा उजवीकडे सरकवा, रेघा गडद होतील. कागद मॅट घ्या. ग्लॉसीवर पेन्सिल पेन्सिल वाटत नाही. आणि दुकानात आधी चार बाय सहाची नमुना प्रिंट काढून बघा, कृष्णधवल चित्राला कधी कधी निळसर झाक येते.

मिरजेची_मधू (सोमवार, रात्री ९:४०)
उशिरा लिहितेय, घरात पाहुणे होते.

नमुना प्रिंट खरंच निळसर आली. दुकानदाराला दाखवल्यावर त्याने दुरुस्त करून दिली. मल्टिप्लाय शेवटी ३५ ठेवलं, ब्लर १८. अंबाड्यावर दोन तास गेले. चिरी मात्र फिकट आली होती, ती मी मॅट कागदावर टूबी पेन्सिलीने हाताने भरली.

आजोबांनी चष्मा काढून चित्र अगदी जवळ धरलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हिचा पदर त्या दिवशी सारखा घसरत होता, फोटोग्राफरने मागून पिन लावली.” हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

आता मामा म्हणतोय, आजीच्या एकटीच्या फोटोचंही कर. तो पंचेचाळीस वर्षं फ्रेममध्ये आहे आणि खालच्या कोपऱ्यात काचेला चिकटलाय. हळूच ओढून काढू का?

काळा_पडदा (रात्री ९:५२)
नका ओढू! चित्राचा थर काचेलाच राहील आणि हातात कोरा कागद येईल. काचेसकट फ्रेममधून बाहेर काढा, काच पुसून घ्या आणि तसाच काचेवरूनच स्कॅन करा. मामांना आत्ता फोन करून सांगा.