प्रतिसाद: सगळेच तुतारी पक्षी जमिनीवर अंडी घालत नाहीत

वर चर्चेत आलंय की चिखलपायटे, म्हणजे तुतारीसारखे चिखलात चरणारे पक्षी, घरटं उघड्या जमिनीवरच करतात. बहुतेकांचं खरं आहे, पण हिरवी तुतारी, म्हणजे ग्रीन सँडपायपर, याला चक्क अपवाद. फिनलंड, स्वीडन, रशियातल्या दलदलीच्या सूचिपर्णी जंगलात ती झाडावर अंडी घालते, तीही कस्तुर पक्ष्याच्या जुन्या घरट्यात. स्वतः काडी उचलायची नाही! अंडी साधारण चार. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की लवकरच खाली उडी मारतात, उडता येत नसताना. अंगावर नुसती लव, वजन नगण्य, खाली शेवाळ, निभावतं.

कॅनडातली तिची बहीण सॉलिटरी सँडपायपर हेच करते. तिचं शास्त्रीय वर्णन १८१३ सालचं, पण घरटं सापडलं थेट १९०३ मध्ये. सगळे जमिनीवर शोधत बसलेले!

हिरव्या तुतारीची मादी पिल्लं नरावर सोपवून आधीच दक्षिणेला निघते. त्यामुळे आपल्याकडे पावसाळा सरायच्या आतच, ऑगस्टात, ओढ्याकाठी ती एकटी शेपूट हलवत दिसते. जवळ गेलं की ‘ट्लुईट-वीट-वीट’ ओरडत उडते आणि काळपट पंखांमागे पांढरीशुभ्र कंबर चमकते. ओळख पटवायला तेवढं पुरतं.