मदत हवी आहे: वासराला बीसीजी (टीबीची लस) दिली तर पुढची टीबी टेस्ट चुकीची येते का?

नमस्कार मंडळी, मी मोहोळ तालुक्यातला, ७ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी आहेत. त्यातली एक दोन महिने झाले खोकतीय, मका, कडबा, पेंड सगळं व्यवस्थित देऊनपण हाडं वर आलीत. डॉक्टरांनी मानेवरचे केस कापून दोन जागी ट्युबरक्युलिन टोचलं, आधी कातडी मोजली, ७२ तासांनी परत मोजली, तर एका जागची सूज दुसरीपेक्षा ४ मिमीच्या वर. टीबी म्हणाले. तिला लांब बांधलीय, डेअरीला दूध बंद.

आता तिचंच १० दिवसांचं वासरू आहे. मेव्हणा म्हणतो बीसीजी गायीच्याच टीबीच्या जंतूपासून बनवलीय, मग वासराला टोचायला काय हरकत? पण नेटवर वाचलं की लस दिलेलं जनावर टेस्टला सुजतं. मग आजारी कोण नि लसवालं कोण, कसं ओळखायचं?

बार्शीकर: मेव्हणा बरोबर आहे, पण लस राहूदे, आधी धार काढणाऱ्याचा एक्स-रे काढा. माणसाकडून गायीला आणि गायीकडून माणसाला, दोन्हीकडून लागतो हा.

गोठावाला_पशुवैद्य: सूज येते हे खरंय. टीबीत मुख्य काम टी पेशींचं, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींचं, लस त्यांना जंतू ओळखायला शिकवते, मग त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रोटीन सोडतात. ट्युबरक्युलिन म्हणजे जंतूच्या प्रोटीनची खिचडी, त्यातली बरीच बीसीजीतपण असतात, त्यामुळे लसवालं जनावरही सुजतं. पण १९०८ ते १९२१ अशी १३ वर्षं लॅबमध्ये २३० वेळा वाढवताना त्या जंतूच्या जनुकांचा एक तुकडा गळला, म्हणून ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रोटीनं बीसीजीत नाहीत. नुसती तेवढी वापरून टेस्ट केली की खरं आजारी जनावर वेगळं पडतं. याला डिवा टेस्ट म्हणतात.

लसीचा फायदा नवजात वासरात जास्त दिसतो, पण पूर्ण संरक्षण नाही, आणि जंतू आधीच शिरला असेल तर उपयोग नाही. आपल्याकडे ब्रुसेला (गाभ पाडणारा रोग) वरच्या लसीसारखी ती गायींच्या नेहमीच्या लसीकरणात नाही, त्यामुळे मेव्हण्याने कुठून माणसाची बाटली आणली तरी टोचू नका. बरं, वासरू दूध कुणाचं पितंय?

मोहोळकर: तिचंच पितंय की दादा, कच्चं, थेट सडाला.

गोठावाला_पशुवैद्य: आजपासून बंद! दुसऱ्या गायीचं उकळून, कोमट करून बाटलीने पाजा. बाकी सहा गायींचीपण टेस्ट करून घ्या.

मोहोळकर: बाटली आणायला पोरगं पाठवलं. धार तात्या काढतात, वर्षभर खोकतायत, आम्ही समजत होतो बिडीचा खोकला. उद्या सकाळी सोलापूरला नेतो त्यांना.