स्वातंत्र्यसोहळ्याच्या छायाचित्रांतील ध्वजाचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न (सदस्य: भिंतीवरचा इतिहास)

आमच्या वाचनालयात स्वातंत्र्यदिनानिमित्त जुन्या छायाचित्रांचे छोटे प्रदर्शन मांडायचे आहे. लाल किल्ल्यावरील तिरंगा आणि खाली उसळलेला जनसमुदाय अशी जी छायाचित्रे सर्वत्र आढळतात, त्यांखाली बहुधा ‘15 ऑगस्ट 1947’ असे छापलेले असते. ही तारीख बरोबर आहे का? आणि दुसरी शंका अशी की, सत्तांतर झाले तर एक ध्वज उतरताना आणि दुसरा चढताना दिसायला हवा. परंतु दिल्लीतील त्या दिवसाच्या छायाचित्रांत युनियन जॅक उतरवल्याचे दृश्य मला कोठेच सापडले नाही. ते टिपलेच गेले नाही, की घडलेच नाही?

उत्तर 1 (सदस्य: दप्तरखाना)

तारीख चुकीची आहे. पंडित नेहरूंनी लाल किल्ल्यावर ध्वज फडकवला तो 16 ऑगस्ट 1947 रोजी सकाळी. आदल्या दिवशीचा सार्वजनिक सोहळा इंडिया गेटजवळच्या प्रिन्सेस पार्कमध्ये झाला होता आणि तेथे गर्दी इतकी अनावर झाली, की माउंटबॅटन यांना बग्गीतून उतरताही आले नाही. त्यांनी बग्गीतच उभे राहून ध्वजाला मानवंदना दिली. लाल किल्ल्यावरचा प्रसंग होमाई व्यारावाला यांनीही टिपला आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या छायाचित्रकर्तीचे नाव प्रदर्शनात अवश्य असावे, कारण अशा चित्रांखाली नेत्यांची नावे येतात, टिपणाऱ्याचे क्वचितच येते.

युनियन जॅकविषयी आपली शंका रास्त आहे. तो समारंभपूर्वक उतरवण्याचा कार्यक्रम आधी योजलेला होता. पण ब्रिटिशांच्या भावना दुखावू नयेत म्हणून नेहरूंच्या संमतीने तो वगळण्यात आला. लखनौच्या रेसिडेन्सीवर 1857 च्या स्मरणार्थ रात्रंदिवस फडकणारा ध्वजसुद्धा 15 ऑगस्टपूर्वीच, रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता काढण्यात आला. त्यामुळे आपल्या चित्रसंग्रहात चढणारा ध्वज आहे, उतरणारा नाही. आणि ही उणीव अपघाताने राहिलेली नसून ठरवून ठेवलेली आहे. माझ्या मते प्रदर्शनातील सर्वांत बोलकी चौकट हीच ठरेल, मग ती रिकामी ठेवावी लागली तरी चालेल.

उत्तर 2 (सदस्य: करडी छटा)

वरील उत्तराला एक तांत्रिक पुस्ती जोडतो. कृष्णधवल चित्रात केशरी आणि हिरवा हे दोन्ही पट्टे जवळजवळ सारख्याच करड्या छटेत उतरू शकतात, म्हणून रंगांवरून काही ठरवता येत नाही. पाहायचे ते मधल्या पांढऱ्या पट्ट्यावरील चिन्ह. 1931 मध्ये काँग्रेसने स्वीकारलेल्या ध्वजावर चरखा होता, तर संविधान सभेने 22 जुलै 1947 रोजी स्वीकारलेल्या ध्वजावर अशोकचक्र आहे. चरखा मागून पाहिल्यास उलटा दिसतो, चक्र दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. चक्र स्पष्ट दिसत असेल तर चित्र जुलै 1947 नंतरचे आहे. मात्र चरखा दिसला म्हणजे ते त्यापूर्वीचेच, असा उलटा निष्कर्ष काढू नये, कारण लोकांच्या घरांतील जुने ध्वज तीन आठवड्यांत बदलले गेले असतील, असे समजणे फारच भाबडेपणाचे होईल. अलीकडे संगणकावर रंगवून फिरणाऱ्या आवृत्त्या पुरावा म्हणून वापरू नयेत.

उत्तर 3 (सदस्य: उत्तररात्र)

चित्राची तारीख सुटली, तरी स्थळाचा प्रश्न उरतो. लाल किल्ला ही केवळ उंच जागा नव्हती. बहादूरशहा जफर यांच्यावर 1858 मध्ये खटला चालला तो याच किल्ल्यात, आणि 1945 च्या अखेरीस आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटलाही येथेच उभा राहिला. त्या तटावर चढलेल्या ध्वजाचा अर्थ जमलेल्या लोकांना कोणी समजावून सांगावा लागला नसेल. प्रिन्सेस पार्कच्या मोकळ्या मैदानाला अशी पूर्वपीठिका नव्हती. आदल्या दिवसाचे चित्र मागे पडून दुसऱ्या दिवसाचे चित्र लोकांच्या मनात ‘15 ऑगस्ट’ बनले, त्यामागे मला हेच कारण दिसते. शिवाय पुढे दरवर्षीचा सोहळा 15 ऑगस्टलाच लाल किल्ल्यावर होऊ लागल्याने ही सरमिसळ पक्की झाली असावी.

तेव्हा चित्राखाली ‘लाल किल्ला, दिल्ली, 16 ऑगस्ट 1947’ असे लिहावे आणि शेजारी प्रिन्सेस पार्कचे चित्र त्याच्या खऱ्या तारखेसह लावावे. शाळकरी मुले तारखेतील फरक पाहून प्रश्न विचारतीलच. उत्तर देण्यासाठी तेथे कोणीतरी जाणकार उभा असू द्या.