सर्व्हरसाठी हार्ड डिस्क: वेग सारखाच येतोय, मग निवडायची कशावरून?

रॅकवाला: आठ बेचा (डिस्क बसवायच्या खणांचा) लिनक्स सर्व्हर, सॉफ्टवेअर रेड ६ (अनेक डिस्कचा एकत्र संच; दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो). एकीकडे ७२०० आरपीएमची डेस्कटॉप साटा डिस्क, दुसरीकडे तेवढ्याच क्षमतेची एंटरप्राइझ. डीडीने (डेटा कॉपी करणारी लिनक्स कमांड) मोठी फाइल लिहिली तर दोन्हींचा वेग जवळपास सारखा. वर पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि रात्रीचे बॅकअप चालतील. जास्त पैसे कशासाठी मोजायचे?

आयओवेट: डीडीचा आकडा सोडून द्या. तो सलग लिखाणाचा, आणि बऱ्याचदा रॅममधल्या कॅशचाच असतो. एफआयओ (डिस्कचा वेग मोजणारं साधन) चालवा: डायरेक्ट आयओ (रॅममधली कॅश टाळून), ४ केबी ब्लॉक, रँडम, रीड-राइट ७०:३०, पूर्ण डिस्कभर, निदान अर्धा तास. (थेट डिव्हाइसवर राइट चालवलंत तर डेटा पुसला जाईल, कोरी डिस्कच घ्या.) सरासरीपेक्षा ९९ पर्सेंटाइल लेटन्सी (१०० पैकी ९९ विनंत्या जेवढ्या वेळात पुऱ्या होतात तो वेळ) बघा. ७२०० आरपीएमला अर्ध्या फेऱ्याचे ४.१७ मिलिसेकंद, हेड सरकायला साधारण ८. एकावेळी एकच विनंती असेल तर रँडम रीड ८० आयओपीएसच्या (सेकंदाला पुऱ्या होणाऱ्या विनंत्या) आसपास अडकणारच, डिस्क कितीही महाग असो. त्यात रेड ६ मध्ये एका छोट्या राइटपायी तीन रीड, तीन राइट (डेटा आणि दोन पॅरिटी, म्हणजे हरवलेला डेटा परत काढायची जादा माहिती). पोस्टग्रेस एसएसडीवरच हलवा.

पॅरिटी: फरक कळतो तो सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा छोटा तुकडा) वाचता येईनासा झाला की. डेस्कटॉप डिस्क तो वाचायला मिनिटभराहून जास्त झटत बसू शकते. लिनक्सचा टाइमआउट ३० सेकंदांचा. कर्नल (लिनक्सचा गाभा) लिंक रीसेट करतो आणि एका खराब सेक्टरपायी अख्खी डिस्क अॅरेबाहेर (रेडच्या संचाबाहेर) जाते. एंटरप्राइझ डिस्क सहसा ७ सेकंदांत चूक कळवते, मग रेड तो सेक्टर पॅरिटीवरून भरून काढतं. स्मार्टसीटीएल कमांडने एससीटी ईआरसी (खराब सेक्टरशी डिस्क किती वेळ झटेल याची मर्यादा) तपासा, ७० ठेवा (एकक १०० मिलिसेकंद). बऱ्याच डिस्क वीज गेल्यावर हे विसरतात, म्हणून बूट स्क्रिप्टमध्ये घाला. डिस्कमध्ये ही सोयच नसेल तर कर्नलचा टाइमआउट १८० सेकंद करा. आणि डेटाशीटवर सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणारी) लिहिलंय ना, ते बघाच. एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्कवर रीबिल्ड (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) कमालीचं रेंगाळतं.

रॅकवाला: एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) २५ लाख तास लिहिलंय. आणि चाचणीतल्या एका डिस्कवर स्मार्ट १९९ (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यातली एक) वाढतोय, परत करू?

पॅरिटी: थांबा. १९९ म्हणजे सीआरसी (डेटा ने-आण करतानाच्या चुका), बहुतेकदा केबल नाहीतर बॅकप्लेन (डिस्क जोडायचा बोर्ड). बे बदलून बघा. आकडा खाली येत नाही, वाढायचा थांबला की झालं. ५, १९७, १९८ (खराब सेक्टरच्या नोंदी) वाढू लागले तर मात्र डिस्क बदला. २५ लाख तास म्हणजे वर्षाला साधारण ०.३५ टक्के डिस्क जाणार, तेही वर्कलोडची मर्यादा (वर्षाला किती डेटा वाचा-लिहायचा) पाळून. महिन्यातून एकदा स्क्रब (सगळ्या डिस्क पूर्ण वाचून तपासणं) लावा, नाहीतर न वाचलेले खराब सेक्टर नेमके रीबिल्डच्या वेळी उघडे पडतात.